आत काय, बाहेर कोण? संगणकप्रणालीची संदर्भ आकृती

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की शाळेच्या कार्यालयात जन्मदाखल्यांचा ढीग जमतो. लिपिक दाखल्यावरची तारीख पाहतो, जनरल रजिस्टरमध्ये लिहितो आणि दाखला फाइलला लावतो. काम दोन मिनिटांचे. पण त्या कागदावरची माहिती त्याआधी रुग्णालयातून महापालिकेत, तिथून पालकांकडे आणि पालकांकडून शाळेत अशी फिरून आलेली असते. हा प्रवास आता बहुतेक ठिकाणी संगणकातून होतो. दाखल्यात एखादे अक्षर चुकलेले असले किंवा बाळाच्या नावाची जागा कोरी असली, की पालक म्हणतात, "कॉम्प्युटरमध्येच तसे आले आहे."

संगणकाला बेरीज येत नाही म्हणून असे होत नाही. चूक बहुधा माहिती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते त्या जागी झालेली असते. अशा जागांना संगणकशास्त्रात 'इंटरफेस' म्हणतात. आपण त्यांना 'सांधे' म्हणू. खुर्ची फळीच्या मधोमध क्वचितच मोडते, ती सांध्यात निखळते, हे कोणताही सुतार सांगेल. संगणकप्रणालीचेही तसेच असते. म्हणून आज्ञावलीची पहिली ओळ लिहिण्याआधी हे सांधे कुठे कुठे आहेत ते शोधावे लागते. त्यासाठी जी साधी आकृती काढतात तिला 'कॉन्टेक्स्ट डायग्रॅम', म्हणजे संदर्भ आकृती म्हणतात. ती काढायला संगणक लागत नाही. खडू आणि फळा पुरतो.

ओळखीची कल्पना

विज्ञानाच्या शिक्षकांना ही कल्पना नवी नाही. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे गणित सोडवताना आपण ठोकळा एकटा वेगळा काढतो आणि त्याच्यावर बाहेरून कोणकोणती बले लागतात ते बाणांनी दाखवतो. खाली वजन, पृष्ठभागाला लंब प्रतिक्रिया, पृष्ठभागाला समांतर घर्षण. ठोकळ्याच्या आत काय आहे, तो लाकडाचा की लोखंडाचा, हे तिथे दाखवत नाही. विद्यार्थी घर्षणाचा बाण विसरला तरी पुढची समीकरणे बिनचूक सुटतात, फक्त उत्तर चुकते. गणितात शोधून चूक सापडत नाही, कारण ती आकृतीत झालेली असते.

उष्मागतिकीतही सुरुवात अशीच होते: हा 'निकाय', हा त्याचा 'परिसर', आणि ही दोघांमधली सीमा. सीमा कुठे आखायची ते आपण ठरवतो. पण एकदा आखली की ती ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को, एडवर्ड यॉर्डन आदी मंडळींनी संगणकप्रणालींचे विश्लेषण करण्याची एक शिस्त रूढ केली. त्या पद्धतीतली सर्वांत वरची आकृती म्हणजे संदर्भ आकृती. पुढे कितीतरी पद्धती आल्या आणि गेल्या, ही आकृती मात्र टिकली. सायमन ब्राउन यांनी अलीकडे मांडलेल्या 'सी-फोर' पद्धतीतही पहिली पायरी हीच आहे.

आकृतीचे नियम

नियम पाचच आहेत.

१. मधोमध एकच वर्तुळ. ते म्हणजे आपली सगळी प्रणाली. त्यात तिचे नाव लिहायचे. आतले भाग दाखवायचे नाहीत.

२. भोवती चौकोन. प्रणालीला काही देणारे किंवा तिच्याकडून काही घेणारे जे जे कोणी, ते सारे. माणसे, कार्यालये, दुसऱ्या संगणकप्रणालीही. त्यांना 'बाह्य घटक' म्हणतात. चौकोनात व्यक्तीचे नाव लिहायचे नाही, भूमिका लिहायची. एकच बाई सकाळी परिचारिका आणि सायंकाळी पालक असू शकते. आकृतीत तिचे दोन चौकोन होतील.

३. वर्तुळ आणि चौकोन यांना जोडणारे बाण. बाणाचे टोक माहिती कोणत्या दिशेने जाते ते सांगते. बाणावर माहितीचे नाव लिहायचे, क्रियापद नाही. 'दाखला देणे' असे न लिहिता 'दाखला' असे लिहायचे.

४. एका चौकोनाकडून दुसऱ्या चौकोनाकडे बाण काढायचा नाही. ते एकमेकांशी बोलत असतील, पण तो आपल्या प्रणालीचा प्रश्न नव्हे.

५. 'आधी हे, मग ते' किंवा 'असे असेल तर तसे' हे इथे दाखवायचे नाही. ही आकृती क्रम सांगत नाही. सीमेवर काय काय चालते, एवढेच ती सांगते.

नियम वाचून आकृती फार सोपी वाटते. ती काढण्यातली खरी अडचण वेगळीच आहे आणि ती उदाहरणानेच कळेल.

कल्याणची जन्मनोंदणी: पहिला प्रयत्न

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. कामकाजाचे संगणकीकरण लवकर हाती घेणाऱ्या राज्यातल्या पालिकांपैकी ती एक. निरनिराळ्या खात्यांच्या खिडक्यांवर फिरणाऱ्या नागरिकाला एकाच जागी अर्ज देता यावा आणि दाखला मिळावा, यासाठी तिथे नागरी सुविधा केंद्र उभे राहिले. पुढे राज्य शासनाने इतर शहरांतल्या पालिकांसाठीही कल्याण-डोंबिवलीचा नमुना समोर ठेवला. म्हणून आपण याच शहरातली जन्मनोंदणी उदाहरणाला घेऊ. खाली काढलेली आकृती महापालिकेच्या दप्तरातली नाही. कायदा समोर ठेवून ती आपणच काढणार आहोत.

फळ्यावर मधोमध वर्तुळ काढा आणि त्यात 'जन्मनोंदणी प्रणाली' असे लिहा. आता वर्गाला विचारा, बाहेर कोण? बहुतेक विद्यार्थी, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक अभियंतेही, एक चौकोन काढतील: 'पालक'. आत जाणारा बाण 'अर्ज', बाहेर येणारा बाण 'दाखला'. कोणी चौकस विद्यार्थी 'रुग्णालय' असा दुसरा चौकोन काढेल. आकृती संपली.

या आकृतीवरून कोणी प्रणाली बनवली, तर ती पुष्कळ बाळांना चालेल. सगळ्यांना चालणार नाही.

कायदा उघडल्यावर

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जन्माची खबर कोणी द्यायची हे त्याच्या कलम ८ मध्ये दिलेले आहे. कायदा करणाऱ्यांनी संदर्भ आकृती काढली नव्हती, पण तिच्यासाठी जो विचार करावा लागतो तो नेमका त्यांनी केला होता. ते कलम वाचत जा आणि चौकोन काढत जा.

घरी बाळंतपण झाले तर घरातल्या कर्त्या व्यक्तीने खबर द्यायची. रुग्णालयात किंवा प्रसूतिगृहात झाले तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने. तुरुंगात जन्म झाला तर तुरुंगाधिकाऱ्याने. धर्मशाळा, वसतिगृह, लॉज, बराक, इतकेच काय, ताडीच्या दुकानात झाला तरी त्या जागेच्या चालकाने. सार्वजनिक जागी टाकून दिलेले अर्भक सापडले, तर गावात गावप्रमुखाने आणि इतरत्र स्थानिक पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने. याखेरीज प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या सुईणीने किंवा आरोग्यसेविकेनेही खबर द्यावी असे कलम १० सांगते. धावत्या वाहनात जन्म झाला तर वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने खबर द्यावी, असे नियमांत आहे. कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांचे रूळ जिथे एकत्र येतात त्या कल्याण जंक्शनच्या गावाला हा नियम कशासाठी हे समजावून सांगावे लागणार नाही.

एका चौकोनाचे सात झाले. यात चौथ्या नियमाची गंमतही पाहता येते. टाकलेले अर्भक एखाद्या वाटसरूला सापडते आणि तो पोलिसांना कळवतो. वाटसरू ते पोलीस हा बाण आपल्या आकृतीत येत नाही. पोलीस ठाणे ते प्रणाली हा मात्र आलाच पाहिजे.

आता वेळेकडे पाहा. खबर २१ दिवसांत द्यायची. त्यानंतर पण ३० दिवसांच्या आत दिली तर विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीपासून हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. म्हणजे आणखी दोन चौकोन. रोजच्या शंभर नोंदींत हे बाण फारसे हलणार नाहीत. पण ज्याची नोंद राहून गेली आहे, त्याच्यासाठी आत येण्याची ती एकच वाट आहे.

हीच दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि तिने खबर देणाऱ्यांच्या यादीत भर घातली. दत्तक घेणारे आईवडील, दत्तक देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था, सरोगसीने झालेल्या बाळाचे पालक, एकल पालक आणि अविवाहित माता यांचा कायद्यात आता स्पष्ट उल्लेख आहे. ही माणसे आधीही होती. वर्तुळाबाहेर त्यांच्या नावाचा चौकोन नव्हता, इतकेच.

राहिले बाहेर जाणारे बाण. खबर देणाऱ्याला दाखला. राज्याच्या मुख्य निबंधकांकडे सांख्यिकी माहिती. देशपातळीच्या माहितीसाठ्यासाठी भारताच्या महानिबंधकांकडे नोंदींचा तपशील. आता फळ्याकडे पाहा. दोन बाणांच्या आकृतीभोवती दहा-बारा चौकोन उभे राहिले. वर्तुळाच्या आत आपण अजून एक रेघही मारलेली नाही.

सीमा कोण आखतो?

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो. खिडकीवरचा लिपिक आणि नोंदीवर सही करणारे निबंधक आत की बाहेर?

उत्तर आपल्या वर्तुळाच्या नावावर अवलंबून आहे. वर्तुळ म्हणजे 'नोंदणी कार्यालय' असेल तर ते आत. वर्तुळ म्हणजे फक्त 'संगणकप्रणाली' असेल तर ते बाहेर, आणि मग 'निबंधक' या चौकोनातून 'मंजुरी' हा बाण आत येईल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चुकीचे एकच: काम करणाऱ्या दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळी सीमा धरणे आणि एकमेकांना न सांगणे. 'हे तुमची प्रणाली करणार होती', 'नाही, ते तुमचे कार्यालय करणार होते' असे वाद प्रकल्पाच्या शेवटी होतात ते बहुधा याच कारणाने.

सीमेचा फरक दिसायला एखादा वाईट दिवस यावा लागतो. २६ जुलै २००५ च्या पावसाने कल्याण, उल्हासनगर, बदलापूर परिसर पाण्याखाली गेला. अशा दिवशी वीज नसते, पण बाळे जन्माला येतच असतात. वर्तुळ 'कार्यालय' असेल तर वहीत हाताने नोंद होईल आणि काम चालू राहील. वर्तुळ 'संगणकप्रणाली' असेल तर त्या वह्यांतल्या नोंदी नंतर आत यायला 'हस्तलिखित नोंदी' असा एक बाण आधीच काढून ठेवलेला हवा. तो नसेल तर प्रणाली मागची तारीख स्वीकारणार नाही.

दुसरी सीमा भूगोलाची. जन्माची नोंद आईवडील राहतात तिथे होत नाही, जन्म झाला तिथे होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जळगावला गेलेल्या डोंबिवलीच्या मुलीच्या बाळाची नोंद जळगावला. मुरबाडहून कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात आलेल्या बाईच्या बाळाची नोंद कल्याणला. त्यामुळे पालकांचा पत्ता महापालिकेच्या हद्दीतला असलाच पाहिजे अशी अट कोणी प्रणालीत घातली, तर ती अट कायद्याच्या विरुद्ध जाईल.

आणि कल्याणमध्ये भूगोलाची सीमाही स्थिर राहिलेली नाही. महापालिका झाली तेव्हा तिच्यात असलेली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आली. त्यांच्याबद्दलचे वाद त्यानंतरही न्यायालयापर्यंत गेले. मधल्या तेरा वर्षांत त्या गावांत घरी जन्मलेल्या मुलाची नोंद ग्रामपंचायतीकडे व्हायची. ते मूल आज कॉलेजच्या अर्जासाठी दाखल्याची प्रत मागायला आले तर? 'पूर्वीच्या ग्रामपंचायतींचे दप्तर' हा चौकोन आकृतीत असेल तर त्या वह्यांचे काय करायचे हा प्रश्न वेळेवर विचारला जाईल. नसेल तर खिडकीवर 'नोंद आढळत नाही' एवढेच उत्तर मिळेल, आणि संगणकाच्या दृष्टीने ते खरेही असेल.

म्हणूनच एका शहराची प्रणाली दुसऱ्या शहरात नेताना काळजी घ्यावी लागते. वर्तुळ उचलून नेता येते. भोवतीचे चौकोन प्रत्येक गावाचे निराळे असतात, ते तिथे जाऊनच काढावे लागतात.

बाणावर काय लिहायचे?

चौकोन सापडले, बाण काढले, तरी काम अर्धेच झाले. प्रत्येक बाणासोबत एक छोटी टीप लागते: नेमकी कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात, कोणत्या एककात, किती वेळाने, आणि ती आली नाही तर काय करायचे. बाणाचे नाव बरोबर असूनही टीप पाळली नाही तर काय होते, याचे उदाहरण जगभर शिकवले जाते.

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच हरवले. यानाच्या छोट्या प्रज्वलनांनी किती आवेग दिला याचे आकडे जमिनीवरची एक आज्ञावली पुरवत होती आणि मार्ग मोजणारी दुसरी आज्ञावली ते वापरत होती. दोघांमध्ये ठरले होते न्यूटन-सेकंद हे एकक. पहिली आज्ञावली मात्र पौंड-सेकंदात आकडे देत राहिली. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. चूक साचत गेली आणि मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे ते यान अवघ्या ५७ किलोमीटरवरून गेले. दोन्ही आज्ञावल्या आपापल्या घरी नीट चालत होत्या, यान गमावले ते त्यांच्या सांध्यात.

आपल्या बाणांवरही असे सापळे आहेत. '०३/०४' म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आईचे नाव माहेरचे की सासरचे? मराठीतून 'ज्ञानेश्वर' असे आलेले नाव इंग्रजीत कोणत्या स्पेलिंगने लिहायचे आणि ते कोण ठरवणार? देवनागरीचा प्रश्न तर आपल्याला चांगलाच भोवला आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये आले होते, तरी कित्येक कार्यालयांत विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेले संकेत वापरून मजकूर साठवला गेला. ज्या संगणकावर तो फॉन्ट होता तिथे 'कल्याण' दिसायचे. तीच फाइल दुसरीकडे पाठवली की अक्षरांची खिचडी. युनिकोड सर्वत्र रूढ झाल्यावर ही अडचण नव्या नोंदींपुरती सुटली. जुना मजकूर मात्र रूपांतर करून घ्यावाच लागतो. बाणावर 'नाव' एवढे लिहून भागत नाही ते यामुळे.

उगम नसलेला बाण

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे विलक्षण संख्येने भेटतात. त्या दिवशी जास्त बाळे जन्मली असे नव्हे. शाळेच्या रजिस्टरला जन्मतारीख हवी होती, आईवडिलांकडे ती लिहिलेली नव्हती, आणि गुरुजींनी मूल प्रवेशाच्या वयात बसेल अशी तारीख घातली. आकृतीच्या भाषेत, रजिस्टरकडे येणारा 'जन्मतारीख' हा बाण सक्तीचा होता आणि त्याचा उगम असलेला चौकोन रिकामा होता. अशा वेळी प्रणाली थांबत नाही. सांध्यावर बसलेला माणूस काहीतरी लिहून वेळ निभावतो आणि ते लिहिलेले पुढे खरे म्हणून चालते. निवृत्तीची तारीखही त्यावरूनच ठरते.

संगणक आला म्हणून हा रोग गेला नाही. बाळाचे नावच पाहा. नाव ठरण्याआधीही जन्माची नोंद करता येते आणि नाव नंतर घालून घेता येते, असे कायद्याचे कलम १४ सांगते. म्हणजे 'पालक' या चौकोनातून दोन वेगळे बाण हवेत: आज 'जन्माची खबर', आणि बारसे झाल्यावर केव्हातरी 'बाळाचे नाव'. प्रणाली करणाऱ्याने दोन्ही एकाच बाणात बांधले आणि नावाचा रकाना सक्तीचा केला, तर खिडकीवर 'बेबी' किंवा एखादे ठिगळ लिहिले जाईल. तो 'बेबी' सहा वर्षांनी पहिलीच्या प्रवेशाला तुमच्यासमोर येईल.

याहून गंभीर रकाना वडिलांच्या नावाचा. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की एकल पालक किंवा अविवाहित माता आपल्या अपत्याच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज करील तेव्हा अधिकाऱ्यांनी केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर, दाखला द्यावा. कागदाच्या जमान्यात असा निर्देश परिपत्रकाने खिडकीपर्यंत पोचवता येतो. संगणकाच्या पडद्यावर रकाना कोरा ठेवून पुढे जाताच येत नसेल, तर समोर बसलेला सहृदय लिपिकही काही करू शकत नाही. कोणता बाण सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक हे ठरवणे वरवर तांत्रिक दिसते. एखाद्या बाईला खिडकीवरून परत जावे लागते की नाही हे त्यावर ठरते.

शाळेचा चौकोन

आतापर्यंतच्या आकृतीत शाळा कुठेच नव्हती हे लक्षात आले का? दाखला पालक घेऊन येतात, म्हणजे तो बाण चौकोनाकडून चौकोनाकडे जातो. नियमाप्रमाणे तो काढायचा नाही. पण २०२३ च्या दुरुस्तीनुसार, ती अमलात आल्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पारपत्र अशा कामांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ही मुले शाळेच्या दाराशी येतील तेव्हा दाखला खरा की खोटा हे शाळेने प्रणालीलाच विचारून पडताळावे असे ठरले, तर 'शाळा' हा चौकोन येईल आणि दोन नवे बाणही: 'पडताळणीची विनंती' आणि 'उत्तर'. सोबत टीपही लागेल. उत्तर आले नाही तर प्रवेश अडवायचा का? शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याच्या कलम १४ मध्ये म्हटले आहे. तेव्हा 'अडवायचा नाही' हे त्या बाणावर आधीच लिहून ठेवावे लागेल.

आकृती काय सांगत नाही

या आकृतीला मर्यादाही आहेत. प्रणाली किती वेगाने चालेल, माहिती किती सुरक्षित राहील, खर्च किती येईल, यांपैकी काहीच तिच्यातून कळत नाही. कामाचा क्रमही कळत नाही. त्यासाठी पुढच्या आकृत्या आहेत. आणि विसरलेला चौकोन ती आपण होऊन दाखवीत नाही. कोऱ्या जागेकडे कितीही टक लावून पाहिले तरी तिथे कोण असायला हवे होते ते दिसत नाही. त्यासाठी कायदा वाचावा लागतो, खिडकीवर तासभर उभे राहावे लागते, सुईणीला, रुग्णालयाच्या लिपिकाला आणि परत पाठवलेल्या पालकांना विचारावे लागते. आकृतीचा उपयोग असा की ती अर्ध्या पानावर मावते आणि संगणकाचे ज्ञान नसलेल्या माणसालाही वाचता येते. फळ्यावर दहा चौकोन पाहून आरोग्यसेविका म्हणू शकते, "यात मी कुठे आहे?" आज्ञावलीच्या हजारो ओळी दाखवून हा प्रश्न मिळाला नसता.

वर्गात करून पाहा

१. 'आपल्या शाळेचे ग्रंथालय' हे वर्तुळ घ्या. चार गट करा. प्रत्येक गटाने दुसऱ्याची न पाहता आकृती काढावी. मग चारही शेजारी लावा. एकाच गटाला सुचलेला चौकोन कोणता? तो इतरांच्या नजरेतून का सुटला?

२. 'रेशन दुकान', 'एस.टी.चे आरक्षण' किंवा 'शालेय पोषण आहार' यांपैकी एक विषय द्या. विद्यार्थ्यांनी आधी आकृती काढावी, मग प्रत्यक्ष जागी जाऊन तिथल्या माणसांना दाखवावी आणि दुरुस्त करून आणावी. गुण द्यायचे ते पहिली आणि दुसरी आकृती यांतल्या फरकाला. रेघांच्या सफाईला नाही.

३. काढलेल्या आकृतीतला एक बाण निवडा आणि विचारा: ही माहिती आज आलीच नाही, तर सांध्यावरचा माणूस काय करील? थांबेल, विचारील, की मनाने काहीतरी लिहील?

४. शाळेचे जनरल रजिस्टर हे वर्तुळ घेऊन शिक्षकांनी आपसात एक आकृती काढावी. १ जूनसारखे बाण अजूनही कुठे आहेत का, ते त्यात दिसेल.